हर्बर्ट चॅपमन मोठा का? फक्त डब्ल्यूएममुळे तर नक्कीच नाही

प्रश्न असा आहे की हडर्सफील्ड आणि आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबांच्या हर्बर्ट चॅपमनला पहिला मॉडर्न मॅनेजर का म्हणतात, त्याच्या आधी मॅनेजर नव्हतेच का, आणि डब्ल्यूएम फॉर्मेशन (मागे तीन, मध्ये दोन आणि दोन, पुढे तीन, म्हणजे खेळाडूंची मांडणी W आणि M अक्षरांसारखी) बाजूला काढलं तर त्याच्या नावावर उरतं काय. मी कोल्हापुरात बरीच वर्षं कोचिंग करतोय, आधी शाळेची पोरं आणि मग सीनियर टीम, त्यामुळे या माणसाकडे मी थोडा धंद्याच्या नजरेने बघतो. माझं सरळ मत सांगतो, डब्ल्यूएम ही चॅपमनची सगळ्यात मोठी कामगिरी नाहीच. टीम कोण निवडणार हा अधिकार त्याने डायरेक्टर लोकांच्या हातातून काढून घेतला, ही त्याची खरी कामगिरी. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

आधी पहिला भाग. मॅनेजर होते, पण त्यांचं काम वेगळं होतं. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं 1885 मध्ये, लीग सुरू झाली 1888 मध्ये. 1886 मध्ये ॲस्टन व्हिलाने मॅनेजर पाहिजे म्हणून जाहिरात दिली, पगार वर्षाला 100 पाउंड, काम पूर्णवेळ, पण कमिटीच्या हाताखाली. ती नोकरी जॉर्ज रॅमसेला मिळाली आणि त्याच्या काळात व्हिलाने सहा लीग आणि सहा कप (म्हणजे फुटबॉल असोसिएशनचा, एफएचा नॉकआउट कप) जिंकले, पण टीम कोण खेळणार हे कमिटी बसून ठरवायची. प्रेस्टनला विल्यम सुडेल होता, गिरणीचा मॅनेजर, त्याच्या टीमने 1888-89 मध्ये एकही मॅच न हरता लीग जिंकली आणि कपही. पुढे गिरणीच्या पैशाच्या अफरातफरीत तो तुरुंगात गेला, ती वेगळीच गोष्ट आहे. टॉम वॉटसन तर जबरदस्त माणूस, संडरलँडला तीन लीग आणि लिव्हरपूलला दोन, दोन वेगळ्या क्लबांना चॅम्पियन करणारा पहिला. पण हे लोक सेक्रेटरी-मॅनेजर होते. पत्रव्यवहार, रेल्वेची तिकिटं, पगार, खेळाडू शोधणं आणि सही घेणं, ग्राउंडची देखभाल हे सगळं त्यांच्याकडे. फिटनेस ट्रेनर बघायचा, मैदानावर कॅप्टन आणि सीनियर खेळाडू ठरवायचे आणि टीम डायरेक्टर निवडायचे, ज्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात फुटबॉलला लाथ मारलेली नसायची.

आमच्याकडे तालीम संघांचं फुटबॉल ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. मॅचच्या आदल्या रात्री मंडळाचे चार वडीलधारे बसतात आणि कोच सोडून सगळ्यांना टीम माहीत असते. इंग्लंडमध्ये तेव्हा सगळ्या क्लबांत हेच चालायचं, फक्त सूट-टाय घालून.

आता चॅपमन. जन्म 1878, शेफील्डजवळच्या किव्हेटन पार्क नावाच्या खाणींच्या गावात, बाप कोळसा खाणीत. हा मात्र शिकला, मायनिंग इंजिनीअरिंग केलं, आणि हे लक्षात ठेवा कारण फुटबॉल हा त्याच्यासाठी बराच काळ साइड बिझनेस होता. खेळाडू म्हणून साधारण. भाऊ हॅरी द वेन्सडेकडून (आजचं शेफील्ड वेन्सडे) लीग जिंकलेला, हा मात्र स्टॅलीब्रिज, रॉचडेल, ग्रिम्सबी, स्विंडन, नॉर्दॅम्प्टन, नॉट्स काउंटी असा गावोगाव फिरत राहिला. शेवटी टॉटनहॅम. तिथे तो पिवळसर रंगाचे बूट घालायचा, म्हणजे सहकाऱ्यांना लांबून दिसावा म्हणून. खेळापेक्षा बुटांसाठीच लोकांच्या जास्त लक्षात राहिला असं म्हटलं तरी चालेल.

1907 मध्ये नॉर्दॅम्प्टनने टॉटनहॅमच्या वॉल्टर बुलला खेळाडू-मॅनेजर म्हणून बोलावलं, बुलचं मन बदललं आणि त्याने चॅपमनचं नाव सुचवलं. एवढ्यावर हे करिअर सुरू झालं, नाहीतर हा माणूस इंजिनीअरिंगकडे परत निघालेलाच होता. नॉर्दॅम्प्टन तेव्हा सदर्न लीगमध्ये (मुख्य लीगच्या बाहेरची, दक्षिणेतल्या क्लबांची लीग) सलग दोन वर्षं तळाला होतं. दोन सीझनमध्ये, 1908-09 ला, तीच टीम सदर्न लीगची चॅम्पियन.

त्याने केलं काय? त्याच्या लक्षात आलं की टीम जास्त वेळ अटॅक करत राहिली तर समोरचे सगळे स्वतःच्या गोलसमोर गोळा होतात आणि जागाच उरत नाही. मग त्याने हाफ बॅकना (डिफेन्स आणि फॉरवर्डच्या मधले तिघे) मागे ओढलं, समोरच्यांना पुढे येऊ दिलं आणि त्यांच्या पाठीमागे जी जागा सुटली तिथे घुसायला शिकवलं. आज याला काउंटर अटॅक म्हणतात आणि यूट्यूबवर त्याचे तास-तासभराचे व्हिडिओ असतात. सांगायचा मुद्दा, हे डब्ल्यूएमच्या पंधरा-सोळा वर्षं आधीचं आहे. डोक्यातली कल्पना जुनी, आकार नंतर मिळाला. आणि हो, 1911 मध्ये त्याने वॉल्टर टलला टॉटनहॅमकडून घेतलं, इंग्लिश लीगमधल्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक, जो पुढे ब्रिटिश आर्मीत ऑफिसर झाला आणि 1918 मध्ये युद्धात मारला गेला.

1912 मध्ये लीड्स सिटी. क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये तळाच्या दोघांत, लीगमध्ये राहण्यासाठी मतं मागत फिरायची वेळ. पहिल्याच वर्षी सहावा नंबर, दुसऱ्या वर्षी चौथा, आणि तेवढ्यात युद्ध. 1916 मध्ये चॅपमन लीड्सजवळच्या बार्नबोच्या दारूगोळा कारखान्यात मॅनेजर म्हणून गेला. माझं असं आहे की पुढे त्याने क्लब ज्या पद्धतीने चालवला, प्रत्येक माणसाचं काम ठरलेलं, प्रत्येकाने दुसऱ्याला पूरक, त्यात कारखान्याच्या या दिवसांचा वाटा कुठल्याही फुटबॉल क्लबपेक्षा कमी नाही. हा माझा अंदाज आहे, पण इंजिनीअर माणसाबद्दल तो फार लांबचा वाटत नाही.

मग ते प्रकरण. युद्धाच्या काळात खेळाडूंना पगार द्यायला बंदी होती, फक्त खर्च द्यायचा. लीड्स सिटीने गुपचूप पैसे दिले असा आरोप झाला, आरोप करणारा त्यांचाच एक जुना खेळाडू, ज्याचं पगारावरून वाजलं होतं. लीगने हिशोबाच्या वह्या मागितल्या, क्लबने दिल्या नाहीत. ऑक्टोबर 1919 मध्ये, सीझनच्या आठ मॅच झालेल्या असताना, क्लब लीगमधून हाकलला गेला. खेळाडूंचा लीड्सच्या एका हॉटेलात अक्षरशः लिलाव झाला, क्लबांचे प्रतिनिधी बसलेत आणि पाकिटात बोली टाकतायत. उरलेल्या मॅच पोर्ट व्हेल या दुसऱ्या क्लबला दिल्या. आणि चॅपमनसकट पाच जणांवर आजन्म बंदी.

तो तोवर क्लब सोडून सेल्बीला एका तेलाच्या कारखान्यात कामाला लागला होता. 1920 च्या शेवटी तीही नोकरी गेली. म्हणजे बघा, बेचाळीस वर्षांचा माणूस, खेळाडू म्हणून नाव नाही, मॅनेजर म्हणून बंदी, कारखान्यातून कमी केलेला. हडर्सफील्डने त्याच्यासाठी अपील केलं, म्हणणं एवढंच की पैसे दिले गेले तेव्हा हा बार्नबोला होता. बंदी उठली. तो पूर्ण कोरा होता असं मानायला मला जरा जड जातं, कारण पुढेही नियमाच्या कडेकडेने चालायची त्याला चांगली सवय होती. पण कागदावर तो सुटला.

हडर्सफील्ड हा माझ्या मते त्याच्या करिअरचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग आणि यावर लोक सगळ्यात कमी बोलतात, कारण आर्सेनल आडवं येतं. गाव रग्बीचं. 1919 मध्ये तर मालक क्लब उचलून लीड्सलाच न्यायला निघाला होता, लोकांनी वर्गणी काढून थांबवला. चॅपमन 1921 च्या सुरुवातीला असिस्टंट म्हणून आला, मार्चमध्ये मॅनेजर झाला. पहिलं मोठं काम म्हणजे ॲस्टन व्हिलाकडून क्लेम स्टीफन्सनला घेतलं. वय तिशीच्या पुढे, लोक म्हणाले संपलेला माणूस. पण चॅपमनला पळणारा नको होता, टीमच्या मधोमध उभा राहून बाकीच्यांना चालवणारा पाहिजे होता. सोबत तरुण पोरं, जसं जॉर्ज ब्राऊन. आणि रिझर्व्ह आणि तिसरी टीमसुद्धा पहिल्या टीमच्याच पद्धतीने खेळणार हा नियम, म्हणजे वरचा कोणी जखमी झाला तर खालून येणाऱ्याला नव्याने काही शिकवायला लागू नये. कोचिंग करणाऱ्या कोणालाही विचारा, हे बोलायला सोपं आणि करायला किती कटकटीचं आहे, कारण खालच्या टीमचा कोच स्वतःचं डोकं चालवायला बघतोच.

1922 ला कप, प्रेस्टनविरुद्ध 1-0, बिली स्मिथची पेनल्टी. 1923-24 ची लीग तर बघण्यासारखी. हडर्सफील्ड आणि कार्डिफ दोघांचे 57 पॉइंट. शेवटच्या दिवशी कार्डिफच्या लेन डेव्हिसची पेनल्टी हुकली आणि मॅच 0-0, इकडे हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला 3-0 हरवलं. तेव्हा गोल ॲव्हरेज बघायचे, म्हणजे केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. हडर्सफील्डचे 60 आणि 33, कार्डिफचे 61 आणि 34. भागाकार करून बघा, 0.024 चा फरक येतो. आजच्या गोल डिफरन्सच्या नियमाने दोघांचा फरक 27 आणि जास्त गोल केलेत म्हणून ट्रॉफी कार्डिफला गेली असती. पुढच्या वर्षी मात्र शंकेला जागा नव्हती, 42 मॅचमध्ये फक्त 28 गोल खाल्ले, एकाही मॅचमध्ये दोनच्या वर नाही. तिसरी सलग लीग 1926 मध्ये आली, तेव्हा तो निघून गेला होता, पण टीम त्याचीच.

1925 मध्ये आर्सेनलचा चेअरमन सर हेन्री नॉरिस याने मॅनेजरसाठी जाहिरात दिली आणि त्यात साफ लिहिलं होतं की ज्याला भरमसाट ट्रान्सफर फी देऊन टीम बांधायची सवय आहे त्याने अर्ज करू नये. आला कोण, तर चॅपमन, ज्याने पुढे इंग्लंडमधला ट्रान्सफरचा विक्रमच मोडला. पगार 2,000 पाउंड. क्लब नुकताच बावीसपैकी विसावा आलेला.

आता तुमचं डब्ल्यूएम. त्याच उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पास जाताना पुढचा खेळाडू आणि गोललाइनच्या मध्ये समोरचे तीन जण पाहिजेत, नाहीतर तो ऑफसाइड, आता दोन. तीनच्या नियमात न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनसारखे फुल बॅक, म्हणजे सगळ्यात मागचे दोन डिफेंडर, एकजण पुढे सरकून ऑफसाइडचा सापळा लावायचे आणि दुसरा मागे राखणीला असायचा, म्हणजे चुकलं तरी धोका नाही. दोनच्या नियमात तो राखणदार संपला. फर्स्ट डिव्हिजनमधले गोल एका सीझनमध्ये 1,192 वरून 1,703 वर गेले. सगळ्यांच्या डिफेन्सची दाणादाण. 3 ऑक्टोबर 1925 ला आर्सेनल न्यूकॅसलकडून 7-0 ने हरलं.

चार्ली बकन, जो संडरलँडहून नुकताच आलेला (2,000 पाउंड रोख आणि पहिल्या सीझनच्या प्रत्येक गोलमागे 100, असा तो सौदा), हट्ट धरून बसला की सेंटर हाफने (हाफ बॅकपैकी मधला) पुढे हिंडायचं नाही, मागे दोन फुल बॅकच्या मध्ये उभं राहायचं, आणि मधली रिकामी जागा भरायला एका इनसाइड फॉरवर्डने (विंगर आणि सेंटर फॉरवर्डच्या मधला) खाली यायचं. बकनला वाटलं ते काम आपल्यालाच मिळेल. चॅपमनने ते दिलं अँडी नीलला, जो हळू होता, रिझर्व्हमधला होता, पण बॉल पायाखाली ठेवून नेमका पास देणारा होता. दोन दिवसांनी वेस्ट हॅमच्या मैदानावर 4-0 ने जिंकले. म्हणजे कल्पना बकनची, आणि मागे थांबणारा सेंटर हाफ हा विचार इतर क्लबांतही घोळत होताच. चॅपमनचं डोकं दिसतं ते नीलला निवडण्यात. माणसाचा एकच गुण आहे ना, मग त्या एका गुणाला लागेल तेवढीच जागा द्यायची.

पुढची पाच वर्षं त्याने हेच केलं. आकार ठरला होता, आता प्रत्येक खणात बसणारा माणूस शोधायचा. आणि यात बराच वेळ गेला हे लोक विसरतात, पहिली ट्रॉफी मिळायला 1930 उजाडलं. 1927 च्या कप फायनलला गोलकीपर डॅन लुइसच्या हातून बॉल सटकून आत गेला आणि कार्डिफने 1-0 ने कप नेला. सेंटर हाफच्या जागी हर्बी रॉबर्ट्स, ऑस्वेस्ट्री नावाच्या छोट्या क्लबकडून 200 पाउंडात. दिसायला काही खास नाही, हेडर आणि टॅकल सोडून फार काही करायचा नाही, आणि चॅपमनला तेवढंच पाहिजे होतं. डाव्या फुल बॅकला एडी हॅपगुड, केटरिंगमधून, आधी दूध टाकणारा पोरगा. डाव्या विंगला क्लिफ बॅस्टिन, एक्सेटरकडून 2,000 ला, वय सतरा. खरं तर ज्या मॅचमध्ये बॅस्टिन नजरेत भरला तिथे चॅपमन दुसऱ्याच खेळाडूला बघायला गेला होता.

मग डेव्हिड जॅक, 1928, बोल्टनकडून. 10,890 पाउंड, जेव्हा आधीचा विक्रम साडेसहा हजारांच्या आसपास होता. या सौद्याचा किस्सा तेव्हाचा त्याचा असिस्टंट बॉब वॉल सांगायचा. हॉटेलात बोल्टनचे लोक यायच्या आधी चॅपमनने वेटरच्या हातात पैसे ठेवले आणि सांगितलं की पाहुण्यांचं सगळं डबल, माझ्या जिन टॉनिकमध्ये जिन नको आणि या वॉलच्या व्हिस्कीत व्हिस्की नको. बोल्टनवाले रंगात आले आणि 13,000 वरून खाली आले. किस्सा थोडा फुगलेला असेलही, पण माणूस असाच होता.

ॲलेक्स जेम्सचं प्रकरण कोच म्हणून मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1929 मध्ये प्रेस्टनकडून 8,750 ला घेतला. प्रेस्टनला हा गोल करणारा, ड्रिबलिंग करून मैदान डोक्यावर घेणारा. चॅपमनने त्याला सांगितलं, तू खाली यायचं, बॉल घ्यायचा आणि विंगला मोकळा करायचा, गोल दुसरे करतील. स्टार खेळाडूला असं सांगून बघा एकदा. बरेच महिने जमलंच नाही. पण जमलं तेव्हा बॅस्टिनने 1932-33 ला विंगवरून लीगमध्ये 33 गोल मारले. विंगरने. आणि जास्तीत जास्त पगार आठवड्याला 8 पाउंड असा नियम असताना जेम्स आलाच कसा? तर लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात त्याला जोडीने नोकरी मिळाली. नियमाच्या कडेकडेने म्हटलं ते हेच.

अधिकाराचा मुद्दा. नॉरिस 1927 च्या पैशांच्या चौकशीनंतर बाहेर फेकला गेला आणि चॅपमनला वरून अडवणारा कोणी उरला नाही. टीम तो निवडणार, खेळाडू तो घेणार, शुक्रवारी दुपारी टेबलावर मैदान मांडून चर्चा तो घेणार. त्या चर्चेत खेळाडूंनी बोलायचं असायचं, हे त्या काळात फार दुर्मीळ. पण निर्णय एकाचाच. एका कप मॅचमध्ये ट्रेनर जॉर्ज हार्डीने बाहेरून ओरडून खेळाडूंना जागा बदलायला सांगितल्या, चॅपमनने त्याला त्या कामावरून काढून टॉम व्हिटेकरला बसवलं. जानेवारी 1933 ला थर्ड डिव्हिजनच्या वॉल्सॉलकडून कपमध्ये 2-0 हरले, ज्याने पेनल्टी दिली त्या टॉमी ब्लॅकला आठवडाभरात प्लिमथला विकून टाकलं. मला हे पटत नाही, नवख्या पोराला एका मॅचवरून असं टाकणं. पण ड्रेसिंग रूममधल्या बाकीच्यांना काय कळायचं ते बरोबर कळलं असणार.

निकाल तुम्हाला कुठेही मिळतील म्हणून पटकन सांगतो. 1930 चा कप, समोर त्याचंच हडर्सफील्ड, 2-0, दोन्ही टीम त्याच्या मानासाठी शेजारी-शेजारी मैदानात आल्या आणि वरून ग्राफ झेपेलिन हे जर्मन हवाई जहाज गेलं. 1930-31 ची लीग 66 पॉइंट आणि 127 गोल करून (गंमत म्हणजे दुसऱ्या आलेल्या ॲस्टन व्हिलाचे 128), मग 1932-33 ची. बाकी पाठीवरचे नंबर, पांढरा बॉल, बाह्या पांढऱ्या असलेला लाल शर्ट, दिव्यांखाली खेळायचा आग्रह, गिलेस्पी रोड स्टेशनचं नाव बदलून आर्सेनल करून घेणं हे सगळं तुम्ही वाचलंच असेल, यावर लोक पानंच्या पानं लिहितात आणि मला त्यात फार रस नाही.

जानेवारी 1934 च्या पहिल्या आठवड्यात सर्दी झालेली असताना, डॉक्टर नको म्हणत असताना, तो गिल्डफर्डला आर्सेनलच्या तिसऱ्या टीमची मॅच बघायला गेला. न्यूमोनिया झाला आणि 6 तारखेच्या पहाटे गेला, वय 55. चॅम्पियन क्लबचा मॅनेजर तिसऱ्या टीमची मॅच बघायला थंडीत उभा, हे वाचून मला आश्चर्य वाटत नाही, वर हडर्सफील्डबद्दल लिहिलंय ते आठवा. त्याच्यानंतर जॉर्ज ॲलिसन आला जो मूळचा पत्रकार आणि रेडिओवाला, आणि रोजचं काम जो शॉ नावाचा क्लबचा माणूस आणि व्हिटेकर बघायचे. 1934 आणि 1935 च्या लीग त्यांनी जिंकल्या. हडर्सफील्डसारखंच इथेही झालं, सलग तिसरी लीग तो नसताना आली.

शेवटी पुन्हा निवडीच्या अधिकारावर येतो. मे 1933 मध्ये इंग्लंडची टीम रोमला इटलीशी खेळायला गेली तेव्हा चॅपमन बिनपदाचा सोबत होता आणि टीमशी बोलायचा, मॅच 1-1 झाली. देशाच्या टीमलाही एक मॅनेजर हवा आणि खेळाडूंचा एक ठरलेला गट घेऊन त्याने सतत काम करावं असं तो म्हणत होता, एफएच्या सिलेक्शन कमिटीने ऐकलं नाही. इंग्लंडने मॅनेजर नेमला 1946 मध्ये, वॉल्टर विंटरबॉटम, पण टीम तरीही कमिटीच निवडायची. ती कमिटी बाजूला झाली 1963 मध्ये, कारण आल्फ रॅमसेने नोकरी घेतानाच अट घातली की टीम मी एकटा निवडणार.